‘म’वरून सुरू होणारी वस्तू

३ फेब्रुवारी, मंगळवार

गेला. कॉम्प्युटर. दुपारी सव्वाबाराला, तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमची पाइपलाइन नकाशात काढत असताना. आधी पडदा काळा झाला, मग टक् असा बारीक आवाज, मग करपल्याचा वास. बटण दाबलं — काही नाही. दहा वेळा दाबलं. वायर काढून लावली. दुसऱ्या प्लगात लावली. ढिम्म!

बारा वर्षं चालला. त्यातली तीन या खोलीत. त्याच्या पंख्याची घरघर इतकी अंगवळणी पडली होती की ती थांबल्यावरच कळलं, इतके दिवस आवाज होता. आता वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी ऐकू येते. खाली घरमालकीण काकूंचा नळ ऐकू येतो.

शाळेच्या इमारतीचे अकरा नकाशे द्यायचेत. पाण्याचे आणि सांडपाण्याचे. चार झालेत, ते डिस्कवर आहेत, आणि डिस्क त्याच्या पोटात.

आज दिवसभरात मी एक शब्दही बोललेलो नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. काल बोललो होतो का? आठवत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

कॅबिनेट उचलून चौकापलीकडच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. वाटेत दोनदा फुटपाथवर टेकवावं लागलं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक टेबल, एक दिवा. एक बाई बसतात. पन्नाशीच्या असतील. डोळ्याला भिंग लावून कसल्यातरी बारीक पट्टीवर सोल्डरिंग करत होत्या. मान वर केली नाही. मला ते फार बरं वाटलं. समोरच्याने तोंडाकडे पाहिलं नाही की माझं निम्मं काम होतं.

मी म्हणालो, “चालत नाही.” एका दमात निघालं.

त्यांनी हातातलं काम पुरं केलं, मग झाकण काढून नुसता वास घेतला. दिवा जवळ ओढला आणि बोटाने दाखवलं — बोर्डावरचे तीन-चार बारके डबे वरून फुगलेले, एक फुटून तपकिरी झालेला. म्हणाल्या, हा मदरबोर्ड गेला, बाकी सगळं जिवंत आहे. याच्यासारखा बोर्ड आता नवीन मिळत नाही, आणि जुना कुणी विकत असेल तर घेऊ नका, तोही याच वाटेवर असणार. नवा बोर्ड घ्या. पण नव्या बोर्डात जुना प्रोसेसर बसणार नाही, जुनी रॅम बसणार नाही, तेव्हा ते दोन्ही घ्यावं लागेल. डिस्क, कॅबिनेट, पॉवर सप्लाय हेच चालेल.

लावून द्याल का, असं विचारायचं होतं. ‘ला’वर अडलो. त्या भिंगातून पट्टीकडेच बघत राहिल्या. मी सोडून दिलं आणि मान हलवली, जी त्यांना दिसलीच नाही.

निघताना म्हणाल्या, “दुकानात जायच्या आधी स्वतः वाचून जा. नाहीतर त्यांच्याकडे जे पडून आहे ते तुमच्या गळ्यात मारतील.”

तपासणीचं काही घेतलं नाही. डिस्क काढून कागदात गुंडाळून दिली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर मोबाइलवर वाचतोय. डोळे लाल झालेत, पण मजा येतेय. किती दिवसांनी एखादी गोष्ट मुळापासून शिकतोय!

मला वाटत होतं, बोर्ड म्हणजे नुसती पाटी, सगळ्यांना जागा देणारी. तसं नाही. बोर्ड ठरवतो की कोण कोण घरात येणार. प्रोसेसरची खाच एका जातीची असेल तर दुसऱ्या जातीचा प्रोसेसर बसत नाही. रॅमला दोनच जागा की चार. माझा मॉनिटर जुना, त्याला ती निळ्या टोकाची, पंधरा पिनांची वायर. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांना आता ते भोक नसतं. म्हणजे बोर्ड चुकला तर मॉनिटरही नवा आला. खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी झगमगाट करणारे बोर्ड आहेत, मला त्यांचा काय उपयोग? मला लहान, साधा, रॅमला चार जागा असलेला, निळ्या वायरीचा हवा.

सगळ्यांत महत्त्वाचं आज कळलं. बोर्डाच्या आत आधीपासून एक छोटा प्रोग्रॅम भरलेला असतो — बायॉस. चालू होताना तोच बघतो, कोण प्रोसेसर, कुठली रॅम. बोर्ड आधी बनला आणि प्रोसेसर नंतर बाजारात आला, तर हा प्रोग्रॅम त्याला ओळखतच नाही. दार उघडत नाही. मग प्रोग्रॅम नवा करून घ्यावा लागतो. काही बोर्डांना त्यासाठी मागे एक बटण असतं, पेनड्राइव्ह लावून घरच्या घरी करता येतं.

तसा एक सापडला. बजेटमध्ये. बटण आहे, निळं भोक आहे, चार जागा आहेत. नाव वहीत लिहून ठेवलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांचा मेल: सगळे नकाशे वीस तारखेपर्यंत. मशीन बिघडलंय असं मी कळवलं होतं, त्याबद्दल एक ओळ — “ऑफिसात येऊन काम करायची आवश्यकता नाही, घरूनच बघा.” आवश्यकता नाही! तीन वर्षं हेच चाललंय.

७ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या दुकानात गेलो होतो. आता लिहितोय तर हसू येतंय. तिथे आलं नव्हतं.

काउंटरवर मालक स्वतः. सोनेरी काड्यांचा चष्मा, पेन कानावर. माझ्यामागे पाच-सहा जण. माझी पाळी आली आणि मी तोंड उघडलं. मदरबोर्ड. ‘म’! माझा आणि ‘म’चा लहानपणापासून उभा दावा आहे. ओठ मिटले ते मिटलेच. गळ्यात दगड बसल्यासारखं होतं, आणि त्या दगडाच्या पलीकडे शब्द अगदी स्वच्छ दिसत असतो.

“मॉनिटर?” मालक म्हणाला.

मी मान हलवली, नाही.

“माउस?”

नाही.

“मायक्रोफोन? मोडेम?”

त्याने ‘म’ची सगळी बाराखडी काढली पण नेमका तो एक शब्द नाही! मागचं कुणीतरी खुदकन हसलं. वाईट हेतूने नव्हे, मलाही दुसऱ्या कुणाचं हे दिसलं असतं तर हसू आलं असतं. मग तो म्हणाला, “मेमरी?” आणि मी मान डोलावली. सुटका हवी होती, बाकी काही नाही.

तर आज मी रॅमची एक पट्टी घेऊन आलो आहे. सुदैवाने तीच जात निघाली, लागणारच होती. टेबलावर ठेवली आहे. बसवायला बोर्ड नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवार सगळ्यांत लांब. काम नाही म्हणून तर फारच.

ताई असती तर काल पाच मिनिटांत काम झालं असतं. तिने मालकाला दोन प्रश्न जास्तच विचारले असते. लहानपणापासून तेच. दुकानात ती बोलायची, शाळेत मास्तरांनी माझं नाव पुकारलं की पलीकडच्या वर्गातून येऊन ती ‘हजर’ म्हणेल की काय असं वाटायचं. पाहुणे आले की मी वाक्याला सुरुवात करायचो आणि ती शेवट. लोक म्हणायचे, काय गुणी बहीण आहे. होतीच. मला स्वतःला वाक्य संपवताना ऐकायची सवयच लागली नाही, हे तिला कसं कळणार? मलाही कुठे कळलं होतं?

या नोकरीच्या वेळी नकाशांची परीक्षा मी पहिल्या नंबराने पास झालो. मग मुलाखत. साहेबांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. चहा दिला, हसले, म्हणाले, तुमचं काम बोलतं, तुम्ही घरूनच करा. मी किती खूश होतो! पाच महिन्यांनी साहेबच बोलता बोलता म्हणाले की तुमच्या बहिणीचा फोन आला होता मुलाखतीच्या आदल्या दिवशी. “तो जरा अडखळतो, सांभाळून घ्या.”

मी ताईला फोन केला. त्या दिवशी मी अडखळलो नाही. रागात मी कधीच अडखळत नाही, हाही एक विनोदच. म्हणालो, “तू माझं तोंड नाहीस. यापुढे माझ्या वतीने कुणाशी एक अक्षर बोलू नकोस. माझ्याशीही नको.”

ती काहीच बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. मग फोन ठेवला.

त्याला अडीच वर्षं झाली. भाऊजी अधूनमधून ठकूचा फोटो पाठवतात. ठकू म्हणजे ताईची मुलगी, माझी भाची. मी पाहिली तेव्हा रांगत होती, आता चारची होईल. मी फोटोखाली अंगठ्याची खूण टाकतो. त्यापुढे कुणी काही लिहीत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज चिठ्ठी घेऊन गेलो. बोर्डाचं नाव, प्रोसेसरचं नाव, सगळं ठळक अक्षरांत. माझं अक्षर चांगलं आहे, नकाशेवाल्याचं.

मालकाने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मोठ्याने, तोडून तोडून बोलायला लागला. हा — नाही — आपल्याकडे! आणि हाताने फुल्या. त्याला वाटलं मी बहिरा आहे! अख्ख्या दुकानाने वळून पाहिलं. मी कानाकडे बोट करून ‘ऐकू येतं’ अशी खूण केली, त्यावर त्याने आवाज आणखी चढवला.

माझा बोर्ड नव्हता. त्याने दुसरा काढला. तोच आहे, नाव फक्त वेगळं, असं त्याचं म्हणणं. खोक्यावर वाचलं. चार जागा होत्या. निळं भोक होतं. मागचं बटण नव्हतं. मग बायॉस नवा आहे का, एवढाच प्रश्न उरला. तेवढाच विचारायचा होता. खोका फिरवला, त्यावर कुठे शिक्का दिसेना. मी विचारायला सुरुवात केली. पहिल्याच अक्षराला अडलो.

“हो हो, चालतो. सगळ्यांना चालतो,” तो म्हणाला. मी कशाबद्दल विचारतोय हे त्याला माहीतच नव्हतं.

आणि मी घेतला. बोर्ड, प्रोसेसर, दोन्ही. मागे लोक उभे होते म्हणून. छत्तीस वर्षांचा माणूस, मागे लोक उभे आहेत म्हणून चुकीची वस्तू विकत घेतो. कदाचित चुकीची नसेलही. बघू.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज जोडला. सकाळी नऊला बसलो, दुपारी अडीचला उठलो. जेवायचं विसरलो.

टेबल पुसून घेतलं. खिडकीची लोखंडी जाळी धरून आधी अंगातली वीज उतरवली, तसं करायचं असतं. बोर्ड पिशवीतून काढला आणि खोक्यावरच ठेवला. नव्या वस्तूचा तो कोरडा वास. नकाशा काढतो तसंच आहे हे — कुठून काय येणार, कुठे जाणार, काहीही उगाच नाही. फक्त इथे पाण्याऐवजी वीज.

मग प्रोसेसर. कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाला जुळवायचा आणि नुसता सोडायचा, दाबायचा नाही. तो आपला आपण खाली गेला. वरची कडी लावताना करकर आवाज होतो, त्याची ताकीद वाचून ठेवली होती तरी दचकलो. मग उष्णता ओढून घेणाऱ्या पेस्टचा ठिपका, तुरीच्या दाण्याएवढा. वर पंखा. रॅम दोन्ही बाजूंनी दाबली — कट्, कट्. शनिवारची ती पट्टी शेवटी घरी पोहोचली.

जुना बोर्ड काढल्यावर कॅबिनेटमध्ये बारा वर्षांची धूळ, गालिच्यासारखी. ब्रशने झाडली. एक मुंगी निघाली, मेलेली. मागची पत्र्याची चौकट बसवताना बोट कापलं. बोर्डाखालचे पितळी खुंट मोजून जुळवले, एक जास्तीचा होता तो काढला, नाहीतर बोर्डाला खालून टेकून सगळंच जाळलं असतं. स्क्रू आधी सगळे सैल लावले, मग कोपऱ्या-कोपऱ्याने आवळले. शेवटी त्या पुढच्या बटणाच्या वायरी, तांदळाएवढ्या पिनांवर. त्यांना अर्धा तास गेला. चिमटा भुवयांच्या केसांचा, तो कामी आला.

मधेच मी मोठ्याने बोलत होतो! “थांब, तू नाही, आधी तू.” वायरींशी. एकदाही न अडखळता. एकटा असताना मी कधीच अडखळत नाही. एकटा असतानाच.

बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लागला. मी उभाच राहिलो.

पडदा काळा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काळा. रॅम एका जागेवरून दुसरीवर. काळा. मॉनिटरची वायर हलवून, फुंकर मारून. काळा. बोर्डावरचा गोल सेल काढून पाच मिनिटांनी लावला. पंखा फिरतो, फिरतच राहतो, कुणीच नसलेल्या घरातल्या पंख्यासारखा.

दुपारी टॉर्च घेऊन बोर्डाचा इंच न इंच पाहिला. एका काळ्या चिपवर कागदाचा टिकलीएवढा तुकडा, त्यावर आकडा. तो बायॉसचा आकडा. बोर्ड बनवणाऱ्यांच्या वेबसाइटवर यादी आहे. माझा प्रोसेसर त्या आकड्याच्या तीन पायऱ्या पुढे चालू होतो. म्हणजे तेच! बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला. ओळख नाही, एवढंच.

उपाय सोपा आहे. त्याच जातीचा थोडा जुना प्रोसेसर काही मिनिटांसाठी बसवायचा, बायॉस नवा करायचा, मग माझा परत लावायचा. असा जुना प्रोसेसर दुकानाकडे असतोच.

दुकानाला मेसेज केला, सगळं सविस्तर. तासाभराने उत्तर — “आपण स्वतः असेंबल केले आहे. पिना वाकल्या असणार. जबाबदारी आमची नाही.”

मी पुन्हा लिहिलं. पुढे उत्तरच नाही. दोन निळ्या खुणा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गेलो नाही. शर्ट घातला होता.

१५ फेब्रुवारी, रविवार

भाऊजींना मेसेज लिहिला: “ताईला एका दुकानात फोन करायला सांगाल का?” दुकानाचा नंबरही टाकला. मग खाडाखोड करत बसलो. ‘कृपया’ घातलं, काढलं. मग सगळंच पुसलं.

अडीच वर्षं मी तिला गप्प बसवलंय. माझ्या वतीने बोलू नकोस म्हणालो. मग माझ्या वतीने बोलत कोण होतं इतके दिवस? कुणीच नाही. मी सुद्धा नाही. हे आज स्पष्ट दिसलं आणि चांगलं वाटलं नाही.

संध्याकाळी जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, तुमच्याकडून बोलण्याचा आवाज येतो हल्ली, कुणी आलंय का? मी मान हलवली. कुणी नाही. आरशासमोर वाक्य पाठ करत होतो, ते काय सांगणार?

वाक्य असं: या बोर्डाचा बायॉस जुना आहे, म्हणून तो नवा प्रोसेसर ओळखत नाही. तुमच्याकडचा जुना प्रोसेसर बसवून बायॉस नवा करून द्या.

आरशासमोर चाळीस वेळा म्हटलं. चाळीसही वेळा नीट. त्याला काही अर्थ नाही, मला माहीत आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गेलो. कॅबिनेट रिक्षात मांडीवर घेऊन.

दुकानात चार माणसं. मालकाने मला पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. मी कॅबिनेट काउंटरवर ठेवलं. जरा जोरातच ठेवलं गेलं. झाकण घरूनच काढून आणलं होतं.

तोंड उघडलं. “या ब—” आणि अडलो. आज ‘म’ नव्हता तरी. ‘ब’ही त्याचाच भाऊ.

“बिल हवंय?” मालक.

मी मान हलवली नाही. हे पहिल्यांदाच. मान हलवली की संपतं, हे रात्रभर डोक्यात घोळत होतं. मी तसाच उभा राहिलो, ओठ मिटलेले, त्याच्या डोळ्यांत बघत. माझे डोळे अशा वेळी फडफडतात. फडफडू दिले.

“बदलून पाहिजे? तसं नाही होणार. मी मेसेजमध्ये—”

“थांबा,” मी म्हणालो. ते सहज निघालं. “म— मला पुरं करू द्या.”

किती वेळ लागला मला माहीत नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. बोर्डावर तीन वेळा अडलो, बायॉसवर दोनदा, प्रोसेसरवर तर असं अडलो की मागच्या माणसाने पायांची जागा बदललेली ऐकू आली. पण मी शब्द बदलले नाहीत. सोपा शब्द शोधायची माझी जन्माची खोड, ती आज केली नाही. जो शब्द होता तोच म्हणायचा, तो निघेपर्यंत. शेवटचं ‘करून द्या’ निघालं तेव्हा मला वाटलं, मी कुठूनतरी चालत आलोय.

मग टिकलीएवढ्या कागदावर बोट ठेवलं आणि मोबाइलवरची यादी समोर धरली.

मालकाने वाकून आकडा वाचला. यादी वाचली. चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचली. आणि साध्या, खालच्या आवाजात म्हणाला, “बरोबर आहे तुमचं. मी विचारायला पाहिजे होतं.”

मी म्हणालो, “मी वि-विचारत होतो. त्या दिवशी.”

तो आतून जुना प्रोसेसर घेऊन आला आणि स्वतः बसला. पंचवीस मिनिटं लागली. मला स्टूल दिलं. माझ्यामागच्या गिऱ्हाइकांना म्हणाला, जरा वेळ लागेल, यांचं आधी. माझा प्रोसेसर परत लावताना पिना बघून म्हणाला, एकही वाकलेली नाही, हात चांगला आहे तुमचा. मग दुकानातल्या मॉनिटरवर उजेड आला. काळ्यावर पांढरी अक्षरं, त्यात माझ्या प्रोसेसरचं नाव. ओळखलं!

घरी आलो. निळी वायर लावली. चालू. जुन्या डिस्कवरचे चारही नकाशे जसेच्या तसे.

मग कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मोबाइल हातात घेतला आणि नावं खाली सरकवत गेलो. साहेब. काकू, भाड्यासाठी. गॅसवाला. पाणीवाला. शेवटापर्यंत गेलो, पुन्हा वर आलो. यादी फार मोठी नाही. ताईच्या नावावर दोनदा थांबलो.

ठेवून दिला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी भिंगवाल्या बाईंकडे गेलो. काही काम नव्हतं. उभा राहिलो. त्या एका रेडिओच्या पोटात शिरल्या होत्या.

म्हणालो, चालू झाला. त्या म्हणाल्या, बरं झालं. मग मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाची ती ‘म’ची बाराखडी, चिठ्ठी, बहिरा समजला ते, काळा पडदा, कालचं. अडखळत, थांबत, पुष्कळ वेळ. मला वाटतं गेल्या तीन वर्षांत मिळून मी इतकं बोललो नसेन. त्या सोल्डरिंग करत राहिल्या, मधे एकदा फक्त म्हणाल्या, “तो दिवा जरा इकडे धरता?” आणि मी दिवा धरून पुढचं सांगितलं.

संपल्यावर भिंग काढून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, “मला वाटलं होतं तुम्ही परत माझ्याकडेच घेऊन याल. मीच लावून दिला असता.”

मी म्हणालो, त्या दिवशी तेच विचारायचं होतं.

“मग विचारायचं ना,” त्या म्हणाल्या, आणि भिंग परत लावलं.

नवा पंखा अगदी शांत आहे. आवाजच नाही त्याला. खोली पूर्वीपेक्षाही सामसूम.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

अकरावा नकाशा संपला. गच्चीवरच्या टाक्यांचा. सगळे पाठवले, मुदतीच्या एक दिवस आधी. मेलमध्ये शेवटी एक ओळ जास्तीची लिहिली — पुढच्या बैठकीला मी ऑफिसात येऊ इच्छितो, मला माझे नकाशे स्वतः समजावून सांगायचे आहेत. पाठवायच्या आधी तीनदा वाचली. पाठवली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांचं उत्तर: “नकाशे मिळाले. धन्यवाद.” जास्तीच्या ओळीबद्दल काही नाही.

एकदा बोललो म्हणून जग काही कान टवकारून बसत नाही. ते मला कळतं. तरी दिवसभर मेल उघडून बघत होतो. संध्याकाळी खिडकीत उभा राहिलो. समोरच्या गच्चीवर एक बाई दोरीवरचे कपडे काढत होत्या, चिमटे तोंडात धरून कुणाशी तरी बोलत होत्या. पलीकडचा माणूस मला दिसत नव्हता, पण त्याला त्यांचं चिमट्यांतलं बोलणंही कळत असावं. त्या हसल्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी ताईचा फोन. अडीच वर्षांनी. मी उचलला.

ठकू गेल्या महिन्यापासून अडखळायला लागलीय. वाक्य सुरू करते आणि थांबते, ओठ घट्ट मिटून घेते. ताई म्हणाली, “मी तिचे शब्द पुरे करते रे. तोंडातून निघूनच जातात. काल तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.” मग म्हणाली, “तू लहान असताना मी काय करायला नको होतं, ते सांग मला.”

मी सांगायला लागलो. पहिल्याच शब्दाला अडलो.

ताई थांबून राहिली.